मुतों रॉथशिल्ड: ११८ वर्षं दुसऱ्या नंबरावर

रानजाई

बाजूच्या ड्यूटी फ्रीच्या धाग्यावर मुतों रॉथशिल्डचं नाव निघालं आणि चर्चा भलतीकडेच गेली. कुणी म्हणालं, ही फ्रान्सची पूर्वापार पहिल्या नंबरची वाईन. कुणी म्हणालं, नुसती लेबलांची करामत. मी फ्रान्समधल्या बोर्दोत राहते आणि या मळ्याच्या इतिहासाचं मला जरा वेडच आहे, म्हणून वेगळा धागा काढला. माझं मत आधीच सांगून टाकते. जमीन उत्तम आहेच, पण आजचं नाव झालं ते एका हट्टी माणसाने आपला माल अर्धवट अवस्थेत दुसऱ्याच्या हवाली करायचं बंद केलं म्हणून.

बोर्दो शहरातून वायव्येला निघालं की जिरोंद खाडीच्या डाव्या काठाने मेदॉकचा पट्टा लागतो. त्यात पोयाक नावाचं छोटंसं बंदर आहे. गाव म्हणून काही विशेष नाही, पण बोर्दोच्या पहिल्या श्रेणीच्या पाच शातोंपैकी (म्हणजे वाईनच्या मळ्यांपैकी) तीन या एका गावच्या शिवारात आहेत: लाफीत, लातूर आणि मुतों. (हो, लातूरच. मांजरा नदीशी काही संबंध नाही.) मुतोंचा मळा आज ८० हेक्टरच्या वर आहे आणि त्यातला साधारण चार पंचमांश भाग काबर्ने सोव्हिन्यॉं या काळ्या द्राक्षाचा. बाकी मेर्लो, आणि थोडं काबर्ने फ्रांक, पती व्हेर्दो.

१८५३ साली नॅथॅनिएल रॉथशिल्डने हा मळा लिलावात ११ लाख २५ हजार फ्रँकला घेतला. हा रॉथशिल्ड या बँकवाल्या घराण्याच्या इंग्लंडमधल्या शाखेचा. मळ्याचं नाव तेव्हा ब्रान-मुतों होतं, त्याने स्वतःचं आडनाव जोडलं. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं आणि तिथे मांडण्यासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी मागवली गेली. ती यादी चव घेऊन केलेली नाही. बोर्दोच्या दलालांनी आपल्या वह्या काढल्या आणि कुणाच्या मालाला बाजारात वर्षानुवर्षे काय भाव मिळतो ते बघून पाच पायऱ्या लावल्या. पहिल्या पायरीवर चौघे: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. मुतों दुसऱ्या पायरीवर सगळ्यात वर. म्हणजे वर्गात पाचवा नंबर, पण तुकडी ब.

हे त्या घराला किती लागलं ते त्यांच्या ब्रीदवाक्यावरून कळतं. पहिला होता येत नाही, दुसरा व्हायची इच्छा नाही, मी मुतों आहे, असा त्याचा अर्थ. त्यात १८६८ मध्ये घराण्याच्या पॅरिसच्या शाखेने शेजारचं लाफीत विकत घेतलं. आता भाऊबंदच बांधाला बांध लावून, आणि ते पहिल्या श्रेणीत! भावकी काय असते ते या धाग्यावर मी कुणाला समजावून सांगायला नको.

पण त्यानंतरची पन्नासेक वर्षं मालक पॅरिसमध्येच राहिले. मळ्याचा कारभार कारभाऱ्यांच्या हाती. १९२२ मध्ये तो वीस वर्षांच्या फिलीपकडे आला, म्हणजे नॅथॅनिएलच्या पणतूकडे. हा पोरगा शर्यतीच्या मोटारी चालवायचा. १९२९ च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये टोपणनावाने उतरून चौथा आला होता. नाटकांचा नाद होता, पुढे इंग्रजी कवितांची फ्रेंचमध्ये भाषांतरं केली. असा माणूस शेतीत रमेल असं कुणाला वाटलं असेल?

त्याने पहिला हात घातला तो बाटलीला. तोवर मेदॉकचा बहुतेक माल लाकडी पिंपांतून बोर्दोच्या शार्त्रों धक्क्यावरच्या व्यापाऱ्यांकडे जायचा. वाईन मुरवायची त्यांनी, बाटलीत भरायची त्यांनी, लेबल चिकटवायचं त्यांनी. आत शंभर टक्के मुतोंच आहे की कमी-जास्त मिसळलंय, हे खुद्द मुतोंच्या मालकालाही सांगता येत नसे. १९२४ मध्ये फिलीपने जाहीर केलं की यापुढे सगळी वाईन मळ्यातच मुरेल आणि मळ्यातच बाटलीबंद होईल, आणि पहिल्या श्रेणीच्या चारही मळ्यांना या बाबतीत आपल्याबरोबर घेतलं. एवढी पिंपं मुरवायची तर जागा हवी, म्हणून १९२६ मध्ये शार्ल सिक्लिस या वास्तुविशारदाकडून शंभर मीटर लांबीचं तळघर बांधून घेतलं. मध्ये खांब नाहीत. दारातून आत पाऊल टाकलं की पिंपांच्या रांगा पार टोकापर्यंत सरळ दिसतात, आणि टोकाच्या भिंतीवर उजळलेलं मुतोंचं चिन्ह. नाटकवाल्या माणसाचं काम आहे ते, बघताक्षणी कळतं.

श्रेणीसाठी त्याने काही दशकं मंत्रालयांचे उंबरे झिजवले. अखेर २१ जून १९७३ ला कृषिमंत्र्यांनी सही केली आणि मुतों पहिल्या श्रेणीत गेला. ते कृषिमंत्री म्हणजे जाक शिराक, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. १८५५ च्या यादीत वरच्या पायरीवर चढवलेला हा एकच मळा. ब्रीदवाक्यही बदललं: पहिला आहे, पूर्वी दुसरा होतो, मुतों बदलत नाही. गंमत म्हणजे १९७३ ची सुगी अगदीच बेताची होती.

लेबलांविषयी मुद्दामच लिहिलं नाही. इथे चित्रकलेतली माणसं आहेत, त्यांनी लिहावं.

चकलीताई

वाचनखूण साठवली. मागच्या वर्षी आमचे दीर दुबईहून येताना 'मुतों कादे' घेऊन आले आणि घरभर सांगत सुटले की रॉथशिल्डची वाईन आणली. किंमत तर अगदी साधी होती. ही तीच का गं?

रानजाई

नाही ताई. घराणं तेच, वाईन वेगळी. १९३० ची सुगी इतकी पडेल होती की ती मुतोंच्या नावाने विकायची फिलीपला लाज वाटली. मग त्याने ती स्वस्तात, वेगळ्या नावाने काढली. कादे म्हणजे धाकटा, तो घरात शेंडेफळ होता म्हणून. ती इतकी खपली की पुढे तिच्यासाठी बोर्दोभरची द्राक्षं आणि वाईन विकत घ्यावी लागली. आजही तसंच चालतं. मुतोंच्या मळ्यातल्या द्राक्षांशी तिचा संबंध नाही. पण दिरांना सांगू नका, बिचाऱ्यांनी प्रेमाने आणली.

मळ्यातलीच पण थोडी हलकी हवी असेल तर 'पती मुतों' असते. हिच्यासाठी तरुण वेलींचा किंवा मुख्य वाईनसाठी न निवडलेला माल जातो. ती १९९० च्या दशकातली.

टवाळ_नाना

नावावरून विनोद करायचा मोह आवरला आहे, कृपया नोंद घ्यावी.

पिंपळगावकर

ताई, लेख आवडला. आम्ही निफाड तालुक्यातले, तीन पिढ्यांची द्राक्षबाग. मला वाईनची चव कळत नाही पण बाग कळते. एकरी वेली किती? छाटणी कधी? मांडव असतो का? पाणी ठिबकने देतात का? आणि एकरी माल किती निघतो?

रानजाई

दादा, तुमच्या प्रश्नांनी धाग्याचं सोनं झालं. मला माहीत आहे तेवढं सांगते.

मांडव नाही. वेल कमरेएवढीच, तारेवर बांधलेली. ओळीत चाललं की घड गुडघ्याच्या उंचीवर असतात, तोडणाऱ्याची कंबर दिवसभर वाकलेली. हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. वेलीवेलीत मीटरभर अंतर, ओळीओळीतही तेवढंच.

छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. तुमच्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी इथे करावी लागत नाही, थंडीच वेलीला विश्रांती देते. मार्च-एप्रिलात फुटवा, जूनमध्ये फुलोरा, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि मुतोंमध्ये ती हातानेच.

पाणी देत नाहीत. इथल्या नियमांत बसतच नाही. पावसावर काय येईल ते. पण जमीन बघा: वर नुसते गोटे, हात घातला तर माती कमी आणि गारगोट्या जास्त. नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेला मुरूम, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. पाणी झरकन खाली जातं, मुळांना त्याच्यामागे खोल जावं लागतं. दिवसा गोटे तापतात आणि रात्री ऊब देतात. काबर्ने उशिरा पिकणारं द्राक्ष आहे, त्याला ती ऊब लागते. आणि खाडी जवळ असल्याने वसंतातल्या कडक थंडीत वेलींचा बचाव होतो.

माल मुद्दाम कमी ठेवतात. हेक्टरी चाळीसेक हेक्टोलिटर, म्हणजे चार हजार लिटर रस, म्हणजे साधारण एका वेलीमागे अर्धी बाटली. तुमच्याकडे हे सांगितलं तर लोक म्हणतील बाग उपटून टाका.

पिंपळगावकर

वेलीमागे अर्धी बाटली!! आमचा बाप आम्हाला घराबाहेर काढील.

मुरमाड जमिनीचं मात्र पटलं. आमच्याकडेही काळ्या रानातल्या बागेपेक्षा माळावरच्या बागेचा माल गोडीला चढ असतो, उतारा कमी पडतो.

जुना_मास्तर

पिंपळगावकर, तुम्ही दर पावसाळ्यात बागेवर काय मारता? बोर्डो मिश्रण. ते 'बोर्डो' म्हणजे हेच बोर्दो. कृषी महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलं, पण मुलांपैकी क्वचितच कुणी विचारलं की हे नाव कुठून आलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

१८६० नंतर फ्रान्सच्या बागांवर फिलॉक्सेरा नावाचा मुळावरचा किडा पडला. तो अमेरिकेतून आलेला, आणि तिथल्या रानवेली त्याला सहन करत. म्हणून अमेरिकन वेली आणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच वेलींचे डोळे बांधायला, म्हणजे कलम करायला, सुरुवात झाली. तुम्ही डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन जातीचं द्राक्ष बांधता, त्यामागची कल्पना हीच. पण त्या अमेरिकन वेलींबरोबर केवडा हा बुरशीचा रोगही आला. एका रोगाच्या औषधातून दुसरा रोग.

१८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक मियार्दे मेदॉकमध्ये सँ-ज्युलियँ गावाजवळून चालले होते. हे गाव पोयाकला लागूनच, दक्षिणेला. बागा केवड्याने झडलेल्या, पण रस्त्याकडेच्या एक-दोन ओळी हिरव्यागार. पानांवर निळसर पांढरे डाग. विचारलं तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून मोरचूद आणि चुना कालवून शिंपडलंय, विषारी दिसावं म्हणून. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. मियार्देंनी पुढची दोन-तीन वर्षं प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आपलं एक टक्का मिश्रण अजून तेच आहे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही, आणि शेवटी लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघायचा. तांबूस चढलं तर चुना कमी पडला.

पिंपळगावकर

मास्तर _/\_ आयुष्यभर मारलं, आज कळलं. विळा आम्ही अजून बुडवतो.

शंकासुर

छान चाललंय, पण मी जरा पाणी ओततो. वाईनमध्ये नाही, चर्चेत.

ताई स्वतःच म्हणतात की १८५५ ची यादी दलालांनी भाव बघून केली. मग १९७३ ची बढती कशावरून गुणवत्तेवर झाली? वशिला आणि चिकाटी. आणि लगेच तीन वर्षांनी काय झालं ते लिहिलंच नाही. मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईनविक्रेत्याने फ्रेंच परीक्षक बसवून, लेबल झाकून, कॅलिफोर्निया आणि बोर्दोच्या वाईन चाखायला दिल्या. तांबड्यांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपचा. मुतोंची १९७० ची सुगी दुसरी. तीस वर्षांनी त्याच वाईन पुन्हा चाखल्या तेव्हा पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे, मुतों सहावी. मग चारपाचशे युरो कशाचे मोजायचे? वर भारतात आणली तर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क, त्यावर राज्याचे कर. त्या पैशात मी नाशिकला चार दिवस राहून येईन.

रानजाई

शंकासुर, तुमचं अर्धं मान्य. बढतीत चिकाटी आणि ओळखीपाळखी होत्याच, मी कुठे नाकारलं. पण फिलीपचा मुद्दा हा होता की तुमच्याच मोजपट्टीने मोजा. यादी भावावर केलीत ना? मग मुतोंचा भाव कित्येक दशकं पहिल्या चौघांच्या बरोबरीने चाललाय, तो बघा. या युक्तिवादाला उत्तर देणं अवघड होतं.

१९७६ चं म्हणाल तर मुतों त्या रांगेत बोर्दोच्या सगळ्यांत वर होती, ओ-ब्रियोंच्याही. फिलीपला तो निकाल झोंबला असणारच. पण कॅलिफोर्नियाच्या मालात दम आहे हे त्याने निकालाच्या आधीच ओळखलं होतं. तिथल्या रॉबर्ट मोंडावी या वाईनवाल्याशी त्याचं बोलणं १९७० पासून चालू होतं, आणि दोघांनी मिळून नापा खोऱ्यात 'ओपस वन' काढली, तिची पहिली सुगी १९७९ ची. स्पर्धकाशीच भागी केली. पुढे १९९७ मध्ये त्याच्या मुलीने चिलीत तसंच केलं, 'अल्माव्हिवा'.

किमतीचं मी समर्थन करणार नाही. चव दहापट भाव असलेल्या वाईनमध्ये दहापट नसते. एका टप्प्यानंतर आपण नाव, दुर्मिळता आणि गोष्ट विकत घेतो.

अंजिरी

लेबलांवर कुणी लिहीना, तर मीच लिहिते.

१९२४ मध्ये बाटली मळ्यात भरायचं ठरल्यावर फिलीपने जाँ कार्ल्यू या पोस्टर-चित्रकाराकडून लेबल करून घेतलं. भौमितिक शैलीतलं मेंढ्याचं डोकं आणि रॉथशिल्ड घराण्याचं पाच बाणांचं चिन्ह. त्या काळाच्या मानाने फारच पुढचं. जुन्या लोकांना ते पचलं नाही आणि थोड्याच वर्षांत मागे घेतलं गेलं.

मग युद्ध आलं. रॉथशिल्ड ज्यू. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने फिलीपचं नागरिकत्व काढून घेतलं, मळा ताब्यात घेतला. तो अटक, तुरुंग यांतून सुटून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या जनरल द गॉलच्या फौजेला जाऊन मिळाला. बायको एलिझाबेथ मात्र मागे राहिली. ती जन्माने कॅथलिक, दोघांचं पटतही नव्हतं, तिला वाटलं आपल्याला काय होणार. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिला शाळकरी मुलीसमोर घरातून उचललं. ती नाझींच्या राव्हेन्सब्रुकच्या छावणीत १९४५ मध्ये मरण पावली.

त्याच १९४५ ची सुगी, म्हणजे शांततेची पहिली, विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम वाईनपैकी एक धरतात. फिलीपने त्या वर्षीच्या लेबलासाठी फिलीप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराला बोलावलं. वर मोठा व्ही, विजयाचा, भोवती पानं, आणि खाली विजयाचं वर्ष अशी अक्षरं. मी हे लेबल वस्तुसंग्रहालयात काचेआडून पाहिलंय. बाकी सगळं नेहमीचं मुतोंचं, सरळ छापील. फक्त वरच्या पट्टीत तो सोनेरी व्ही. ज्याची बायको त्याच वर्षी छावणीत मेली त्याने ते कोणत्या मनाने पसंत केलं असेल, मला सांगता येत नाही.

तिथून पुढे जवळजवळ दरवर्षी नवा चित्रकार. ब्राक १९५५, दाली १९५८, मिरो १९६९, शागाल १९७०, वॉरहॉल १९७५, बेकन १९९०. १९७३ चं, म्हणजे बढतीच्या वर्षाचं, पिकासोचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो वारला होता, चित्र संग्रहालयातलं आधीचं वापरलं. मानधन पैशांत नसतं, वाईनच्या पेट्यांत असतं. विषय कोणताही चालतो, पण बरेचजण मेंढा किंवा द्राक्षवेल आणतातच. मेंढा का, तर फिलीपची रास मेष.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे २००९ चं लेबल. अनिश कपूरचं, मुंबईत जन्मलेला आपला शिल्पकार. गडद लाल रंगाचा झोत, मधून उजेड फुटल्यासारखा. पृष्ठभाग आहे की खोल पोकळी, हे त्याचं नेहमीचं कोडं, फक्त इथे बाटलीवरच्या बोटभर पट्टीत. सुगीही जबरदस्त होती.

एक वादाचंही सांगते. १९९३ चं लेबल बाल्थ्युसचं, कोवळ्या वयाच्या मुलीचं नग्न रेखाटन. अमेरिकेत आक्षेप आले आणि तिकडच्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी सोडली. संग्राहक आता दोन्ही प्रकार जोडीने घेतात, ते कोरं धरून. मला विचाराल तर आक्षेप रास्त होता. सगळं काही कलेच्या नावावर खपवू नये.

वरणभात

भाबडा प्रश्न. वाईन शाकाहारी असते ना? आमच्या आई विचारत होत्या, एका कार्यक्रमात कुणी आणली होती म्हणून.

रानजाई

भाबडा नाही, अगदी नेमका प्रश्न. बोर्दोत परंपरेने तांबडी वाईन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात. ताजे पांढरे बलक फेटून पिंपात सोडतात, २२५ लिटरच्या एका पिंपाला पाच-सहा अंडी. बलक वाईनमधल्या तुरट गाळाला धरून तळाशी बसतो. मग वरची स्वच्छ वाईन दुसऱ्या पिंपात उतरवतात. हे काम जुन्या पद्धतीने करताना पिंपाच्या तोंडाशी मेणबत्ती किंवा दिवा धरतात. पेल्यात घेतलेल्या वाईनमधून उजेड दिसतो तोवर वाईन स्वच्छ, गढूळपणा आला की थांबायचं. बलक वाईनमध्ये राहत नाही, पण कडक शाकाहारी असाल तर ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. हल्ली बरेच मळे अंड्याविना करतात आणि तसं बाटलीवर लिहितात. आईंना बाटलीच्या मागचं वाचायला सांगा.

उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय? बोर्दोची प्रसिद्ध कानले नावाची छोटी केकसारखी मिठाई त्यातूनच निघाली, असं इथे सगळे सांगतात.

गलबत

नावाची आणि दुर्मिळतेची किंमत मोजतो असं वर म्हटलंय, त्यावर एक पुरवणी. १९८० च्या दशकात हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाने पॅरिसच्या एका भिंतीआड अठराव्या शतकातल्या बाटल्या सापडल्याचा दावा केला. काचेवर 'टीएच. जे.' अशी अक्षरं कोरलेली. म्हणे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मालकीच्या. त्यांत लाफीत आणि ब्रान-मुतों होत्या. अमेरिकन उद्योगपती बिल कोक याने अशा चार घेतल्या. पुढे शंका आल्यावर त्याने गुप्तहेर लावले. वाईनमधल्या किरणोत्सर्गी सिझियमची चाचणी केली. अणुचाचण्यांच्या नंतरची वाईन असेल तर सिझियम सापडतं, सापडलं नाही. म्हणजे जुनी असू शकते. पण काचेवरची अक्षरं विजेच्या हत्याराने कोरल्याचं तज्ज्ञांनी दाखवलं. जेफरसनच्या काळात वीज कुठली!

म्हणूनच फिलीपच्या मळ्यातल्या बाटलीचं मोल. १९२४ आधीच्या बाटलीवर मालकालाही छातीठोक बोलता येत नाही.

टवाळ_नाना

अठराव्या शतकात विजेचं ड्रिल. आमच्या सोसायटीतल्या बिल्डरच्या कागदपत्रांची आठवण झाली.

पिंपळगावकर

बाटली मळ्यात भरण्याचा मुद्दा आला म्हणून लिहितो. २००१ ला राज्याने वाईनसाठी धोरण आणलं, मग आमच्या भागात वाईनच्या द्राक्षांची लाट आली. मीही दोन एकर काबर्ने लावली, एका कंपनीच्या करारावर. नाव घेत नाही. पहिली काही वर्षं बरी गेली. नंतर कंपनी माल उचलीना. वाईनचं द्राक्ष बाजारात कोण खाणार? मणी बारीक, बी मोठं, साल जाड. शेवटी खुंट ठेवून वरून छाटली आणि थॉमसन बांधली. फिलीप साहेबांकडे तळघर बांधायला पैसा होता. आमच्याकडे शीतगृहाचं भाडं द्यायला नसतो. ताई, तुमचा मुद्दा पटतो, पण तो भांडवलवाल्याचा मुद्दा आहे.

रानजाई

दादा, बरोबर बोललात. मूळ लेखात हे यायला हवं होतं. रॉथशिल्डांची बँक पाठीशी नसती तर १९२४ चा निर्णय कागदावरच राहिला असता. बोर्दोतही छोटे शेतकरी आजतागायत सहकारी तळघरांत माल घालतात. पोयाकमध्येच एक १९३० च्या दशकात निघालं. मुतोंच्या भिंतीपासून फार लांब नाही.

आणि व्यापारी मुतोंच्याही मानगुटीवरून पूर्ण उतरलेले नाहीत. आजही ही वाईन बोर्दोच्या व्यापाऱ्यांमार्फतच जगभर जाते, मध्ये दलाल असतात. काढणीनंतरच्या वसंतात, वाईन पिंपातच असताना, भाव फुटतो आणि आगाऊ विक्री होते. बाटली हातात येते दोनेक वर्षांनी. लातूरने २०१२ मध्ये या पद्धतीतून अंग काढून घेतलं, मुतों अजून आहे.

चकलीताई

मळा आता कुणाकडे आहे?

रानजाई

फिलीप १९८८ मध्ये गेला. त्याच्यानंतर मुलगी फिलिपीन, जिच्यासमोर आईला नेलं तीच. ती तोवर नाटकात काम करायची, पॅरिसच्या कोमेदी फ्रांसेझमध्येही होती. तिने २०१४ पर्यंत सांभाळलं, आता तिची तीन मुलं बघतात. २०१२ मध्ये आंबवण्याची नवी इमारत झाली, तिच्या आराखड्यातही रंगभूमीचे नेपथ्यकार रिशार पेदुझ्झी होते. नाटक त्या घरातून काही जात नाही. आत ६४ टाक्या, ४४ ओकच्या लाकडाच्या, बाकी पोलादी. मळ्याचा प्रत्येक तुकडा वेगळा आंबवता यावा म्हणून इतक्या.

खानदेशी_खवय्या

माझ्याकडे पती मुतोंची एक बाटली आहे, २०१५ ची, भावाने फ्रान्सहून आणलेली. फ्रिजच्या दारात उभी आहे. भरीत-भाकरीबरोबर चालेल का? नाहीतर मटणाचा काळा रस्सा करतो.

रानजाई

आधी ती फ्रिजच्या दारातून काढा! दार उघडझाप होतं, हादरे बसतात, आणि उभी ठेवल्याने बूच वाळतं. घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवा, पण खानदेशातल्या उन्हाळ्यात तेही पुरणार नाही. मार्चच्या आत उघडा.

उघडायच्या दिवशी सकाळीच उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल. जेवणाच्या तासभर आधी हळूच काचेच्या सुरईत ओता, गाळ दिसला की थांबा. प्यायच्या वेळी सतरा-अठरा अंश तापमान, म्हणजे आपल्या घरातल्या उन्हाळी हवेपेक्षा बरंच गार. ओतायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली तरी चालेल.

काळा रस्सा नको. मिरची आणि या वाईनचा तुरटपणा एकमेकांना चढवतात, दोन्ही कडू लागतं. पोयाकला हिच्याबरोबर दूधपित्या कोकराचं मांस खातात, नुसतं मीठ-लसूण लावून भाजलेलं. तुम्ही मटणाचे तुकडे मीठ, आलं-लसूण, मिरे एवढ्यावरच तुपात परता, मसाला दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. भरीत करायचंच तर हिरव्या मिरच्या निम्म्या करा.

खानदेशी_खवय्या

निम्म्या मिरच्यांचं भरीत घरात कुणी खाणार नाही. मटण करतो.